पाडव्याचा डाव

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर आणि पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. डाव ऐन रंगात आहे. पार्वती उठायच्या बेतात दिसते आणि शंकर तिला थांबवतो आहे. आणखी एक डाव होऊन जाऊ दे, असा सगळा आविर्भाव. खाली गणांनी नंदीला घेरलंय आणि त्याची यथेच्छ छेड काढणं चाललंय. साधारण चौदाशे वर्षांपूर्वी ज्या पाथरवटाने हे दृश्य दगडात उतरवलं, त्याने घरातला डाव जवळून पाहिलेला असणार. वर मोठी माणसं पटात गुंतलेली आणि खाली पोरासोरांचा धुडगूस, ही मांडणी नुसत्या कल्पनेने सुचत नाही.

त्या डावाचं दिवाळीशी थेट नातं आहे. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवसाला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. पार्वतीने त्या दिवशी शंकराला हरवलं अशी पुराणातली कथा आहे, आणि त्या दिवशीच्या डावावरून पुढचं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधायची रीत होती. जेजुरीच्या लोककथेत तर खंडोबा म्हाळसेकडून सारीपाटात हरतो, पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो आणि बाणाईच्या वाड्यावर जाऊन राहतो. देवांच्या संसारातही पट मांडला की कोणीतरी रुसतं, कोणीतरी उठून जातं. तरी पट मांडला जातोच.

आजही दिवाळीच्या सुट्टीत अनेक मराठी घरांमध्ये खेळाच्या दोन बैठका होतात. पहिली शहरात, मित्रमंडळींची: सुट्टी लागण्याआधीचा शनिवार-रविवार, कोणाच्या तरी फ्लॅटवर, जेवणाचं टेबल रिकामं करून. दुसरी गावी किंवा आजोळी: फराळाची ताटं उचलली गेली की माजघरात सतरंजी पसरून. दोन्हीकडे माणसं गोल करून बसतात, दोन्हीकडे रात्र उलटून जाते. पण खेळाने काय करावं, याची अपेक्षा मात्र निराळी असते.

मित्रांच्या बैठकीत नवी पेटी उघडायचा एक सोहळाच असतो. पुठ्ठ्याचे तुकडे चौकटीतून सोडवायचे, लाकडी ठोकळे रंगांप्रमाणे वेगळे करायचे, आणि तोवर एकाने नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचायची. तरीही सुरुवात बहुधा 'कॅटन'नेच होते. क्लाउस टॉयबर हा जर्मनीतला दंततंत्रज्ञ. दिवसा दातांच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि रात्री घरी खेळ रचायचा. त्याचा हा खेळ १९९५ साली आला आणि 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार त्याला त्याच वर्षी मिळाला. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचं एक बेट; दर डावाला नव्याने जुळवायचं. कुठे जंगल, कुठे शेत, कुठे मेंढ्यांचं कुरण, कुठे विटांची माती, कुठे खनिजाचा डोंगर, आणि मध्ये कुठेतरी काहीच न पिकणारं वाळवंट.

पहिलं घर ठेवायची वेळ आली की टेबलावर शांतता पसरते, कारण फाशांवर ज्या तुकड्याचा आकडा पडेल, तिथला माल त्याला लागून घर असलेल्यालाच मिळतो. दोन फासे टाकले तर सात पडण्याच्या ३६ पैकी ६ शक्यता, सहा किंवा आठ पडण्याच्या प्रत्येकी ५, आणि दोन किंवा बारा पडण्याची जेमतेम एकेक. म्हणूनच सहा आणि आठ हे आकडे पटावर लाल रंगात छापलेले असतात आणि सगळ्यांचे डोळे तिथेच खिळतात. साताचं मात्र वेगळं: सात पडले की कुठल्याच तुकड्यावर काही पिकत नाही, उलट दरोडेखोर हलतो आणि एखाद्याचं शेत बंद पाडतो. मग सौदे सुरू होतात. ऑफिसात दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा माणूस "दोन लाकडं देतो, एक वीट दे" म्हणून हटून बसतो. ज्या मैत्रिणीला सगळे भिडस्त समजत होते, ती शेवटच्या फेरीत सगळ्यांचे रस्ते अडवून दहा गुण पूर्ण करते. वर्षानुवर्षांच्या ओळखीतही न दिसलेला स्वभाव असा एका संध्याकाळी समोर येतो, आणि तो कोणाला खटकत नाही, कारण खेळात तो चालतो.

या नव्या खेळांचा मोठा गुण हा की त्यांतल्या बऱ्याच खेळांत कोणी मध्येच बाद होत नाही. जुन्या 'व्यापार'मध्ये तसं नव्हतं. दिवाळं निघालं की खेळाडू उठला. त्या खेळाचं मूळ मोठं बोलकं आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्‌स गेम'चं पेटंट मिळवलं, ते जमिनीची मक्तेदारी बाकीच्यांना कशी नागवते हे खेळातून दाखवण्यासाठी. १९३५ साली पार्कर ब्रदर्सनी 'मोनोपॉली' बाजारात आणली तेव्हा नाव चार्ल्स डॅरो यांचं झालं आणि मॅगीबाई मागे पडल्या. खेळ घरोघर गेला, आपल्याकडे 'व्यापार' होऊन आला आणि मुंबई-पुण्याच्या पोरांनी सुट्ट्याच्या सुट्ट्या खोट्या नोटा मोजण्यात घालवल्या. पण सर्वांत आधी भिकेला लागलेल्या धाकट्या भावाने पुढचा तासभर काय करायचं, याचं उत्तर त्या पेटीत कधीच नव्हतं. मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या 'पँडेमिक'मध्ये ते मिळतं: तिथे सगळे मिळून रोगराईशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

मित्रांचं टेबल मात्र एका अर्थाने सोपं असतं. तिथे एकमेकांना निवडलेली, साधारण एका वयाची आणि अवघड खेळाची हौस असलेली माणसं जमतात. पेटीवर छापलेलं असतं: खेळाडू तीन ते चार, वय दहाच्या पुढे. पाडव्याला जमलेलं घर या चौकटीत बसत नाही. तिथे ऐंशी पार केलेली आजी असते, पहिलीतली नात असते, नवीनच लग्न झालेला आणि अजून अंग चोरून बसणारा जावई असतो, एकमेकांशी फारसं बोलणं न उरलेले दोन चुलतभाऊ असतात. कोणी कोणाला निवडलेलं नाही. तरी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचं आहे.

इथे पत्त्यांचा एक कॅट पुरतो. तिघंच जागे असतील तर पाच-तीन-दोन: आठ्ठीपासून वरची सगळी पानं, शिवाय इस्पिक आणि बदाम सत्ती, अशी तीस पानं, प्रत्येकी दहा. ज्याचे हात कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढली जातात आणि हरलेल्याला लगेच वचपा काढायचा असतो, त्यामुळे झोपायला कोणी उठत नाही. चौघं असले तर मेंढीकोट. सात-आठ जण जमले तर बदाम सात किंवा झब्बू. आणखी दोघं स्वयंपाकघरातून आले तर दुसरा कॅट मिसळायचा. कोणाला नाही म्हणावं लागत नाही. घरात किती माणसं येतील हे आधी ठाऊक नसणाऱ्या कुटुंबांत हे खेळ रुळले, म्हणून त्यांच्यात ही लवचीकता आली असावी.

मेंढीकोटात खरा कस लागतो तो जोडीचा. तेरा-तेरा पानं वाटली जातात, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि चारही दश्श्यांवर डोळा. बंद हुकमाचा डाव असेल तर एक पान पालथं ठेवलेलं असतं. हातात उतारीचं पान नसलं की "हुकूम उघडा" म्हणायचं. पानं उचलून भिडू पाडले आणि जावई नेमका आजीसमोर आला. त्याने उत्साहाने बदामाची दश्शी टाकली, मामांनी हुकमाच्या तिर्रीने ती मारली. आजीने चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, एक्का बाहेर आल्याशिवाय दश्शी टाकायची नसते हो." पुढच्या डावात त्याने किलवरची दश्शी दाबून धरली. आजीने आधी एक्क्याने हात केला, मग राजाने, आणि मगच मान हलवली. सात वर्षांपूर्वीच्या गणपतीत कोणी कुठलं पान चुकवलं हेही तिला आठवतं. गेलेली पानं मोजण्यात तिचा हात धरणारा त्या घरात कोणी नाही. एकत्र दश्शी वाचवल्यावर जावई आणि आजी यांच्यात जी सलगी आली, ती "नोकरी कशी चाललीय?" या प्रश्नाने आणखी दहा पाडव्यांत आली नसती. ते दोन चुलतभाऊही आता शेजारी बसून तावातावाने भांडताहेत, पण इस्पिकच्या राणीवरून.

आणि पहिलीतली नात? तिच्यासाठी मराठी घरांत फार जुनी सोय आहे: कच्चं लिंबू. तिला पानं मिळतात, तिची पाळी येते, ती चुकली तरी डाव तिच्यावर चढत नाही. आजीच्या मांडीला टेकून आजीने बोटाने दाखवलेलं पान ती दणकन टाकते. खेळाच्या कुठल्याच पुस्तिकेत हे कलम नसतं, पण खेळणारी पुढची पिढी घडते ती इथे. सापशिडी निघाली तर तीही सोय लागत नाही. परंपरा ज्या मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते, त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या होत्या आणि दुर्गुणांचे साप. कवड्या टाकून मोक्षापर्यंत चढायचं. दान कोणाचं वय बघत नाही. सहा वर्षांच्या मुलीने आजीला हरवलं तर तिथे ते खरंखुरं हरवणं असतं, आणि ते मुलीला बरोबर कळतं.

हे सगळं आपोआप टिकत नाही, याचा दाखला कोकणात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे गोल, लाखेचा हात दिलेली १२० पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. यात हुकूम नाही, सगळी भिस्त स्मरणावर. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम त्याने उतारी करायची, रात्री असेल तर कृष्णवाल्याने. ही कला मोडकळीला आली असताना राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांकडून ती पुन्हा शिकवून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं, आणि आज तिथे रंगवणारे कारागीर समोर बसून काम करताना पाहता येतात. पानं वाचली ही मोठी गोष्ट झाली. पण लोक ती चौकटीत घालून भिंतीवर लावतात, कोणाला भेट देतात. १२० पानं वाटून डाव मांडणारी माणसं फार थोडी उरली आहेत. शिकवणारे आजोबा गेले आणि शेजारी बसलेलं कच्चं लिंबू तिथे नव्हतं.

मेंढीकोटावर तशी वेळ अजून आलेली नाही. पण त्याचेही नियम घरागणिक वेगळे आणि बहुतेक तोंडी. मित्रांच्या टेबलावर वीस पानांची पुस्तिका आवडीने वाचून दाखवणारा जो कोणी असेल, त्यानेच या दिवाळीत गावी जाताना एक वही न्यावी. दोन-दोन दश्श्या झाल्या तर सात हात करणारा जिंकतो की डाव पुन्हा वाटतात? कट हुकूम खेळतात की बंद? बंद असेल तर ते पान कोण ठेवतं? बावन्न पानांची मेंढी झाली तर किती कोट धरायचे? गुलामचोरात तीन गुलाम काढतात की एकच? घरातल्या जाणत्यांना एकेकटं गाठून नव्हे, पाडव्याच्या रात्री सगळे जमलेले असताना विचारावं. आत्या एक सांगेल, मामा दुसरंच सांगतील, आजी दोघांनाही खोडून काढेल, आणि कोणाचं खरं हे ठरवायला पानं वाटावीच लागतील.