अण्णांच्या कॅसेटी आणि कर्नल पॅनिक

1993 साली मी शारजाला आलो तेव्हा भारतात फोन करणं म्हणजे पगाराला भोक पाडणं होतं. म्हणून वाईहून अण्णांच्या कॅसेटी यायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, लोणच्याच्या बरणीला खेटून. कृष्णेला पाणी किती चढलं, ढोल्या गणपतीच्या देवळात शिरलं का, बांधाच्या भांडणाचा निकाल कुठवर आला, सगळं अण्णा सांगत. मागे आईच्या भांड्यांचा आवाज. अण्णा गेल्यावर, 2009 मध्ये, मी त्या 41 कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेटी इमारतीच्या तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये ठेवून दिल्या.

16 एप्रिल 2024 चा पाऊस इथल्या वाचकांना सांगायला नको. गावाकडच्यांसाठी एवढंच, की अल ऐनजवळ खतम अल शकला इथे 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाणी पडलं. 1949 पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा पाऊस. आमच्या गल्लीतलं पाणी ओसरून स्टोअर उघडलं तेव्हा खोक्याचा लगदा झाला होता. आता अण्णांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, पंधरा वर्षं जुन्या एका हार्ड डिस्कवर.

जुलैत बायको दरवर्षीप्रमाणे गावी गेली आणि मी कामाला लागलो. बर दुबईतल्या खालिद बिन अल वलीद रस्त्यावर, ज्याला आपण कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतो, एक वापरलेला संगणक आणि चार-चार टेराबाइटच्या दोन नव्या डिस्क घेतल्या. लेक पुण्याहून म्हणाली, "बाबा, क्लाउडवर टाक ना." टाकणार होतोच. पण घरात आपलंही काही असावं, हा जुना हट्ट.

बेत असा, की दोन्ही डिस्कची 'रेड' पद्धतीची जोडी करायची. 1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हे नाव रूढ केलं. साध्या, स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, म्हणजे एक मेली तरी दुसरी काम चालवते. त्यातला सर्वांत सोपा प्रकार आरशाचा. जे एकीवर लिहाल तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. लिनक्समध्ये वेगळं कार्ड लागत नाही. खुद्द कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभाच, हे करतो.

आधी 41 फायली जुन्या डिस्कवरून संगणकाच्या आतल्या डिस्कवर घेतल्या. मग जोडी बनवण्याची आज्ञा दिली. कर्नल लगेच पहिल्या डिस्कची नक्कल दुसरीवर उतरवू लागला. दोन टक्के, तीन टक्के, आणि पडदा गोठला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा ढीग, शेवटी 'कर्नल पॅनिक'. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. कर्नलची दुसरी आवृत्ती घातली, केबली बदलल्या. तरी तेच. बाहेर 45 अंश, आत मी आणि एसी.

शहाणपणाची एकच गोष्ट केली, ती म्हणजे प्रत्येक वेळी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. रात्री तीन फोटो शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यात कर्नल डिस्क-जोडीच्या भागात कोसळला होता, दुसऱ्यात फाइल सिस्टिममध्ये, तिसऱ्यात चक्क नेटवर्कच्या भागात, ज्याचा डिस्कशी काडीचा संबंध नाही. प्रोग्राममध्ये चूक असेल तर माणूस सहसा त्याच खड्ड्यात पडतो. रोज नव्या जागी पडतोय म्हणजे रस्ता नव्हे, पायच लटपटताहेत. संशय मेमरीवर किंवा वीजपुरवठ्यावर.

मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरला होता. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब. एरवी तिचा तो कोपरा रिकामाच पडून राहत असावा. नव्या कामासाठी कर्नलने जागा मागितली आणि तो हाताला लागला. पट्टी काढली. जोडी बिनबोभाट तयार झाली, आठेक तास लागले.

तरी मनात पाल चुकचुकली. त्या 41 फायलीसुद्धा याच मेमरीतून गेल्या होत्या! प्रत्येक फाइलचा बोटाच्या ठशासारखा एक आकडा काढता येतो. एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. जुन्या डिस्कवरच्या आणि नव्या फायलींचे आकडे ताडून पाहिले. 38 जुळले, 3 जुळले नाहीत. त्यातली एक ऐकली. अण्णा माझं नाव घेतात, पुढे 'कट्' असा आवाज, आणि मग एकदम आईच्या गुडघ्यांचं दुखणं. मूळ फाइलमध्ये त्या जागी काय आहे ते ऐकायला घेतलं, तर होतं इतकंच, "जेवतोस ना वेळेवर?"

मी खुर्चीत बसूनच राहिलो. संगणक कोसळला नसता तर ही फाटकी नक्कल मी दोन्ही डिस्कवर चढवली असती. आरसा हे ओळखत नाही. त्याला जे दाखवाल ते तो दोन्हीकडे इमानाने लिहितो, चूकसुद्धा. चुकून पुसलेलंही दोन्हीकडून पुसलं जातं. त्या दुकानदाराला मी तीन दिवस शिव्या घालत होतो, त्या थोड्या परत घेतल्या.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, जुनी डिस्क फेकू नका हं." जणू मी फेकायलाच निघालो होतो. (निघालो होतो.)

चांगल्या मेमरीतून फायली पुन्हा घेतल्या, 41 आकडे जुळवले, लेकीच्या सांगण्यावरून क्लाउडवरही टाकल्या. आणखी एक प्रत एका छोट्या डिस्कवर केली. शेजारचं कुटुंब दिवाळीला साताऱ्याला चाललं होतं. त्यांच्या बॅगेत, खजुराच्या डब्याशेजारी, टॉवेलात गुंडाळून ती ठेवली. वाईच्या घरी भाऊ ती घेऊन ठेवेल, अण्णांच्या कपाटात, वरच्या फळीवर. नदीचं पाणी तिथवर चढत नाही.