एका दिरहमची दुबई

दुबईत राहणाऱ्या माणसाला दुबई बघायला वेळ नसतो. पाच दिवस ऑफिस, शनिवारी कपडे आणि किराणा, रविवारी झोप. जानेवारी २०२२ मध्ये इथला वीकएण्ड शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाला. तेव्हापासून निदान आपली सुट्टी आणि घरच्यांची सुट्टी जुळते, एवढाच काय तो फायदा! पण डिसेंबर लागला, हवा जरा बरी झाली की सांगली-साताऱ्याकडून फोन सुरू होतात. "तिकीट काढलंय बघ. चार दिवस रजा टाक." मग आपण गाइड.

पहिला दिवस ठरलेला असतो. बुर्ज खलिफा (८२८ मीटर, २०१० पासून लोकांच्या माना दुखवतोय), दुबई मॉल, १५० मीटरची सोनेरी दुबई फ्रेम, झालंच तर म्युझियम ऑफ द फ्युचर. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुमच्या ट्रॅव्हल एजंटच्या कागदावर सगळं छापलेलं आहे. एक टिप मात्र फुकट देतो. बुर्जवर जाण्यापेक्षा बुर्ज लांबून बघणं स्वस्त आणि जास्त सुंदर.

माझा फंडा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. पाव्हण्यांना मेट्रोत बसवायचं आणि खाडीवर आणायचं. खाडी म्हणजे दुबई क्रीक. शहराच्या पोटात शिरलेला समुद्राचा फाटा, एका काठाला बर दुबई, दुसऱ्याला देरा. मोत्यांचा धंदा, गलबतं, इराणहून आलेले व्यापारी, सगळं गाव या पाण्याच्या आजूबाजूला वाढलं. तेल नंतर आलं, १९६६ मध्ये सापडलं. पण खाडीतला गाळ त्याआधीच उपसून झाला होता, मोठी गलबतं आत यावीत म्हणून. तेलानं दुबई झाली असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. खाडीवर अर्धा तास उभं राहिलं की तो गैरसमज आपोआप जातो.

खाडी ओलांडायची ती अब्रानं. लाकडी होडी, मधोमध लांबलचक बाक, त्यावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात आणि मधल्या खड्ड्यात उभा राहून चालक सुकाणू सांभाळतो. भाडं एक दिरहम, म्हणजे पंचवीसेक रुपये. मॉलमधल्या एका कॉफीच्या पैशात वीसवेळा इकडून तिकडं! यंदा आई, मामा आणि मामी आले होते. आईला हरिपूरच्या संगमावरची नाव आठवली. मामी होडीच्या कडेला कठडा का नाही, यावर अडून बसल्या. शेजारी एक पठाण, दोन फिलिपिनो मुली, हातात डबा घेतलेला बांगलादेशी पोरगा आणि कॅमेरा सावरणारं गोरं जोडपं. या देशात दहातली जवळपास नऊ माणसं बाहेरची आहेत. आकडा पेपरात वाचून कळत नाही, अब्रात कळतो.

होडीत सांगण्यासारखी माझी आवडती गोष्ट म्हणजे रुपया. १९५९ पर्यंत इथं सरळ आपला भारतीय रुपया चालायचा. मग रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि या मंडळींनी त्याला रामराम केला. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात इथं यायला पैसे बदलून घ्यावे लागत नव्हते! मामांनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन् सोनं? ते तवापास्नं हितंच?"

मामांचा प्रश्न साधा नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य सोन्यात गेलंय, पण ते दागिने घडवत नाहीत, वितळवतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. सांगलीचे खानापूर-आटपाडी आणि साताऱ्याचे माण-खटाव हे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी तालुके. शेतात काही राहिलं नाही, तेव्हा इथली माणसं बाहेर पडली आणि देशभरातल्या सराफ गल्ल्यांमध्ये गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, तांबं-चांदी वेगळी करायची, चोख सोनं परत द्यायचं. दुकानाचा केरसुद्धा टाकायचा नाही, त्यातही सोन्याचे कण असतात. मामा मायणीजवळच्या गावचे. विशीत केरळात गेले, ते तीस वर्षं तिथंच.

देरा गोल्ड सूकमध्ये शिरल्यावर मामींनी आधी ती जगप्रसिद्ध अंगठी गाठली. २१ कॅरेट, वजन जवळजवळ ६४ किलो. फोटो झाले. आजूबाजूच्या काचांमागं सोन्याचे अख्खे झगे, कंबरपट्टे, मुकुट. मामांनी तिकडं बघितलंही नाही. ते एका छोट्या दुकानाच्या पायरीवर थांबले, बांगडी उलटी करून आतला ९१६चा शिक्का बघितला, नखानं हळूच टकटक केलं. काउंटरवरचा माणूस हिंदीत भाव सांगायला लागला. मामांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि अस्खलित मल्याळममध्ये सुरू झाले.

मी सात वर्षं मल्याळी लोकांशेजारी बसून काम करतोय. माझी गाडी 'सुखमाणो'च्या पुढं गेलेली नाही. इथं मायणीकडचा धोतर-टोपीवाला माणूस दुबईत मल्याळम बोलत होता आणि दुकानदार खुर्ची ओढून देत होता! तो त्रिशूरचा निघाला. चहा आला. मोड कुठं जाते, वितळवतं कोण, घट किती धरतात, अशी चर्चा अर्धा तास चालली. आम्ही तिघं बाहेर उभे. दुबईचं इतकं आतलं दर्शन मला सात वर्षांत कुणी घडवलं नव्हतं.

मामींनी अखेर एक बारीक चेन घेतली. बिलावर ५ टक्के व्हॅट. पर्यटक म्हणून मामींना तो विमानतळावर परत मागता येतो, मला येत नाही. मी इथला रहिवासी ना! कर भरताना इथला आणि बाकी सगळीकडं बाहेरचा, हे इथलं आपलं स्टेटस.

मामांनी ते बरोबर हेरलं. गल्लीच्या तोंडावर कडक चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुजा कागद किती दिसाचा हाय?"

"दोन वर्षांचा. मग रिन्यू करायचा."

"आन् नोकरी सुटली तर?"

"मुदत देतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर परत."

दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही आहे, २०१९ पासून देतात, पण तो सगळ्यांसाठी नाही. आणि नागरिकत्व म्हणाल तर आपल्या आईबापांच्या पोटी इथं जन्मलेलं मूलही भारतीयच राहतं. हे मी समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजी आमचं बरं हुतं. तीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, पर कागद कुनी मागितला न्हाई. तू घर कुठं बांधनार?"

गलाईवाल्यांच्या गावात हा प्रश्न सुटलेला असतो. घर गावात बांधायचं, चांगलं दुमजली, संगमरवरी फरशीचं. अकरा महिने कुलूप, जत्रेला उघडायचं. त्या बंद बंगल्यांना मी कॉलेजात असताना भरपूर हसलोय. आता विश्रामबागेतल्या माझ्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला इथून जातो, आणि त्या फ्लॅटमध्ये कोणीच राहत नाही. आई जुन्या घरात असते, म्हणते इथं शेजार आहे. मामांच्या प्रश्नाला मी "बघू" म्हणालो. आई चहाच्या कपाकडं बघत होती.

तिथून स्पाइस सूक दोन मिनिटांवर. इराणी केशर, वाळवलेली काळी लिंबं, गुलाबकळ्या, पोत्यापोत्यांनी वेलदोडे. भाव करा, लाजू नका! सांगितलेल्या किमतीत घेणारा माणूस त्यांना आवडत नाही. आई हळदीच्या पोत्यापाशी थांबली. चिमूट घेतली, अंगठ्यानं घासली, वास घेतला. "सांगलीची न्हाई ही," निकाल लागला. दुकानदाराला फक्त "इंडिया का है" एवढंच माहीत होतं. आईच्या माहितीसाठी मी सांगितलं की सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. तिच्या मते ते सरकारला फार उशिरा कळलं. मग तिनं त्या बिचाऱ्याला मराठी-हिंदीत हरिपूरचे पेव समजावले. जमिनीत खोल खणलेले बंद कोठार, त्यात वर्षानुवर्षं हळद टिकायची, आणि २००५च्या महापुरात त्यातले कितीतरी पाण्यानं गेले. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी वेलदोड्यात सूट दिली.

पुराचा विषय निघाला तो परतीच्या वाटेवरही सुटला नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा, म्हणजे १९४९ पासूनचा, सगळ्यात मोठा पाऊस झाला. शेख झायेद रोडवर गाड्या तरंगत होत्या, विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातून पाणी उपसायला पाच दिवस लागले. आईनं तेव्हा फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "किती फूट?" सांगलीकर पूर फुटात मोजतात, आयर्विन पुलावरच्या पट्टीनं. ४५ फूट धोक्याची पातळी, आणि २०१९ मध्ये ५७च्या वर गेली होती. वाळवंटात अशी पट्टी नसते. पाणी नदीतून चढत येत नाही, आभाळातून पडतं आणि जायला वाटच नसते. पण तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला वर बोलावणं, जिन्यात एकत्र खिचडी शिजवणं, हे अगदी मारुती चौकासारखं झालं. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांची नावं मला त्या आठवड्यात कळली.

शेवटच्या दिवशी मॉल नको म्हणाले सगळे. मग खाडीच्या टोकाला, रास अल खोरला नेलं. पाणथळ जागा, तिवरांची झाडी, २००७ पासून रामसर यादीत. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश फुकट होता. लाकडी आडोशातून बघायचं. समोर उथळ पाण्यात शेकडो फ्लेमिंगो आणि मागं धुक्यात उभे बुर्ज खलिफा आणि कंपनी. दुबईचा सगळ्यात भारी फोटो इथं मिळतो, आणि तिकीट काढून रांगेत उभं राहावं लागत नाही.

मामा बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते. "आमच्या मायनीच्या तळ्यावं बी येत्यात की ही," ते म्हणाले. खरंच येतात, मायणीला आणि येरळवाडीलाही. त्यांनी लगेच गावाकडच्या दोस्ताला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावला. लागेना. इथं व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल चालत नाहीत, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग फोटो पाठवला. पाखरं गुलाबी ठिपक्यांएवढी, पण ओळखू येत होती. आम्ही गाडीत बसलो तेव्हा उत्तर आलं. मामांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आपल्याकडं औंदा अजून आली न्हाईत. तिकडंच ऱ्हायली वाटतं."