दोन नावांचं शहर: ‘कहानी’च्या शोधात कोलकाता

काही चित्रपट आपण पुन्हा पुन्हा पाहतो. शेवट पाठ असतो, तरी पाहतो. आमच्या घरात ‘कहानी’ हा तसा चित्रपट आहे. मार्च 2012 मध्ये तो आला तेव्हा मी शाळेत होते. आईने मला थिएटरमध्ये नेलं होतं आणि मध्यंतरात आम्ही दोघींनी पॉपकॉर्न आणायला जायचंसुद्धा टाळलं होतं. तेव्हापासून ‘एकदा कोलकात्याला जायचं’ असं आई दर दिवाळीत म्हणायची. गेल्या ऑगस्टमध्ये अखेर आम्ही पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये बसलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. लंडनहून एक गरोदर बाई कोलकात्याच्या विमानतळावर उतरते आणि टॅक्सीने थेट कालीघाट पोलीस ठाण्यात जाते. तिचा नवरा, अर्णब बागची, कामासाठी इथे आला होता आणि गायब झालाय. ती गेस्ट हाऊसमध्ये जाते, तिथल्या रजिस्टरात त्याचं नाव नाही. ऑफिसात जाते, तिथे या नावाचा माणूस कधी नव्हताच. मग कुणीतरी सांगतं, की तुमच्या नवऱ्यासारखाच दिसणारा एक माणूस इथे काम करत होता, पण त्याचं नाव मिलन दामजी. या एका वाक्यानंतर माणसं मरायला लागतात. पुढचं मी सांगणार नाही. इतकंच म्हणते, की या चित्रपटात कोण कुणाच्या नावाने वावरतंय, हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत सुटत नाही.

आम्ही हावड्याला पोहोचलो तेव्हा उजाडलं नव्हतं. पिवळी टॅक्सी मिळाली, हे पहिलं सुख. अॅम्बेसेडर गाडीचं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं, त्यामुळे या टॅक्स्या आता कमी कमी होत चालल्या आहेत. हावडा ब्रिजवर टॅक्सीवाल्याने गाडी जरा हळू घेतली. हा पूल 1943 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या सांगाड्यात नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर जोडलेलं आहे. 1965 मध्ये त्याचं नाव ‘रवींद्र सेतू’ ठेवलं गेलं. पण टॅक्सीवाल्याला मी ‘रवींद्र सेतू’ म्हटलं, तर तो हसला आणि म्हणाला, “हावड़ा ब्रिज बोलिए दीदी.”

खरी गंमत पुढे होती. दक्षिण कोलकात्यातल्या एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये खोली ठरवली होती. ठरवली होती मावशीने, फोनवरून. काउंटरवरच्या वयस्कर काकांनी रजिस्टर उघडलं, आईचं आधार कार्ड पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्याकडे पुण्याहून एक बाई येणार होत्या, हे खरं. पण त्या आम्ही नव्हतो.

मी रजिस्टरात डोकावले. मावशीने सवयीने आईचं माहेरचं नाव दिलं होतं. नुसतं आडनाव नव्हे, पहिलं नावसुद्धा.

आपल्याकडे ही पद्धत होती आणि काही घरांत अजून आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि मग तीच तिची ओळख. आईचंही असंच झालं. 1996 साली, मांडवात, पाच मिनिटांत. तिचा दहावीचा दाखला एका नावाचा आणि रेशन कार्ड दुसऱ्या नावाचं. लहानपणी मला याचं काही वाटलं नव्हतं. त्या पहाटे मात्र आई काउंटरसमोर उभी राहून स्वतःच्याच नावाकडे बघत होती आणि ती तीच आहे, हे सिद्ध करायला तिच्याकडे एकही कागद नव्हता. मावशी फोन उचलत नव्हती. मला ‘कहानी’तला रजिस्टरचा प्रसंग आठवला आणि हसू आलं. आईला आलं नाही.

मी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावायला लागले. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव. काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. “डाकनाम?” त्यांनी विचारलं.

बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक ‘भालो नाम’, म्हणजे शाळा-ऑफिसातलं, कागदावरचं. दुसरं ‘डाकनाम’, म्हणजे घरच्यांनी हाक मारायचं. ‘कहानी’त पोलीस असलेला सात्यकी घरी राणा असतो, आणि तो विद्याला हे दोन नावांचं प्रकरण समजावून सांगतो. आईचं माहेरचं नाव काही डाकनाम नव्हतं, खरं तर उलटच. ते तिचं पाळण्यातलं, पहिलं नाव. पण काकांना जे समजलं ते आम्हाला पुरेसं होतं. त्यांनी रजिस्टरात आधारवरचं नाव लिहिलं, आणि बुकिंगच्या वहीतलं जुनं नाव तसंच राहू दिलं. त्यानंतर तीन दिवस तिथली सगळी माणसं आईला त्याच नावापुढे ‘दी’ लावून हाक मारत होती. (ते नाव मी इथे लिहीत नाही. आईची तशी अट आहे.)

पहिल्या दिवशी चहावाल्या मुलाने तीनदा हाक मारली, तरी आईने वळून पाहिलं नाही.

मग आम्ही फिरायला निघालो. चित्रपटातलं मोनालिसा गेस्ट हाऊस खरंखुरं आहे, तेही याच भागात. दिग्दर्शक सुजॉय घोष यांनी सेट न उभारता खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या गर्दीत बरंचसं चित्रीकरण केलं, म्हणून कोलकात्यात फिरताना सारखं ‘हे पाहिलंय’ असं वाटत राहतं. कालीघाटचं मंदिर, ट्रामचे रूळ, उत्तरेकडच्या जुन्या वाड्यांच्या हिरव्या झडपांच्या खिडक्या, सगळं ओळखीचं.

कालीघाट मेट्रो स्टेशनवर आई माझा हात धरून पिवळ्या रेषेच्या बरीच मागे उभी राहिली. बॉब बिस्वास आठवत असेल, तर कारण सांगायला नको. ढेरपोट्या, चश्मा लावलेला, नमस्कार करून गोळी घालणारा विमा एजंट. शाश्वत चटर्जी यांनी जेमतेम काही मिनिटांच्या भूमिकेत अशी दहशत बसवलीय, की आजही फलाटावर मागे कोण उभं आहे ते पाहावंसं वाटतं. मारेकरी मारेकऱ्यासारखा दिसतच नाही, हीच या चित्रपटाची मेख. धावत्या गाड्या आणि स्फोट यांपेक्षा शेजारच्या साध्या माणसाची भीती जास्त टिकते.

ही मेट्रो देशातली पहिली. 24 ऑक्टोबर 1984 ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी 3.4 किलोमीटर धावली. त्यातल्या भवानीपूर स्टेशनचं नाव आता नेताजी भवन आहे आणि टॉलीगंजचं महानायक उत्तम कुमार. एव्हाना मला या शहराचा स्वभाव कळायला लागला होता. पार्क स्ट्रीट कागदावर मदर तेरेसा सरणी. चौरंगी म्हणजे जवाहरलाल नेहरू रोड. हॅरिंग्टन स्ट्रीटचं नाव बदलून हो ची मिन्ह सरणी केलं, आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नेमका त्याच रस्त्यावर! शहर स्वतः 2001 पासून अधिकृतपणे कोलकाता, तरी जुन्या पाट्यांवर कलकत्ता आहेच. म्हणजे माणसांसारखंच या शहरालाही भालो नाम आणि डाकनाम आहे, आणि कुणालाच त्याची अडचण होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायकोर्टाची लाल इमारत पाहायला गेलो. इथे अडकलेली एक खरी गोष्ट कुठल्याही थ्रिलरला मागे टाकेल. पूर्व बंगालातल्या भवाल संस्थानचा मधला राजकुमार 1909 मध्ये दार्जिलिंगला वारला, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. बारा वर्षांनी, 1921 मध्ये, राख फासलेला एक संन्यासी ‘तो मीच’ म्हणून उभा राहिला. बहिणीने ओळखलं, पत्नीने नाकारलं. खटला उभा राहिला. अंगावरच्या खुणा, चालण्याची ढब, शेकडो साक्षीदार. 1936 मध्ये ढाक्याच्या न्यायाधीशांनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, 1940 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने तो कायम ठेवला, आणि 1946 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही. तो शेवटचा निकाल आल्यावर थोड्याच दिवसांत तो माणूस वारला.

आईला ऐकताना लगेच पानिपत आठवलं. सदाशिवरावभाऊंचा तोतया, आणि भाऊ गेले हे न मानता वाट पाहणाऱ्या पार्वतीबाई. आपल्याकडच्या तोतयाला 1776 मध्ये देहदंड झाला. बंगालचा संन्यासी जिंकला. कोर्टाच्या पायऱ्यांसमोर उभं राहून आई म्हणाली, “पुरुषाचं नाव गेलं तर तीन कोर्टं बसतात बघ.” आणि पुढे चालायला लागली. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

तिसरा दिवस कुमारटुलीचा. शोभाबाजार सुतानुटी मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. दुर्गापूजेला अजून वेळ होता, त्यामुळे गल्लीगल्लीत अर्धवट मूर्ती होत्या. बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा, त्यावर गंगेची माती. चेहरे अजून लागले नव्हते. डोळे सर्वांत शेवटी, महालयेच्या दिवशी रेखण्याची परंपरा आहे. एका कारागिराने मूर्तीशेजारचा रेड्यातून अर्धा बाहेर आलेला महिषासुर दाखवला. महिषासुर रूपं बदलत लढतो, कधी रेडा, कधी सिंह, कधी हत्ती. देवी त्याला ओळखते, म्हणूनच मारू शकते. ‘कहानी’चा शेवट विजयादशमीला, लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांच्या आणि सिंदूरखेळाच्या गर्दीत का घडतो, हे मला त्या मातीच्या वासात उभी असताना नीट कळलं. एवढी वर्षं मला ते फक्त छान दिसतं म्हणून आवडत होतं.

संध्याकाळी गेस्ट हाऊसमध्ये परतलो. जिन्यात असतानाच खालून चहावाल्या मुलाने हाक मारली. माहेरच्या नावाने, पुढे ‘दी’. आई पटकन वळली. “काय रे?” असं चक्क मराठीत म्हणाली. मग स्वतःच थबकली, आणि चहाचा कप घेऊन पायरीवरच बसली. मावशीला फोन लावून ती अर्धा तास बोलत होती. त्या फोनमध्ये दोघी शाळेतल्या मैत्रिणींचीच नावं घेत होत्या.

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. गर्दी सोसत असेल तर पूजेत जा. या उत्सवाला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालंय आणि ते दिवस खरोखर वेगळे असतात. मूर्ती घडताना पाहायच्या असतील तर त्याआधी महिनाभर जा. मेट्रो वापरा, चालायला चपला चांगल्या घ्या आणि निघण्याआधी ‘कहानी’ एकदा घरच्यांबरोबर बघा. आणि हो, बुकिंग आधारवरच्या नावानेच करा!

पुणे स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. त्यांनी बॅग उचलली आणि विचारलं, “मग, दोघींची ट्रिप कशी झाली?”

“तिघी होतो,” आई म्हणाली, आणि रिक्षात बसल्यावर तिने बाबांना रजिस्टरची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रिक्षा घराशी थांबली तेव्हा बाबांनी तिला त्या जुन्या नावाने एकदा हाक मारून पाहिली. उच्चार जरा अडखळला. आईने दुरुस्त करून दिला.