वाडीचे पाणी, खिद्रापूरचे आकाश

कोल्हापुरात जन्म काढून खिद्रापूर न पाहिलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. नरसोबाच्या वाडीस वर्षातून चार वेळा जावे, पेढे व कवठाची बर्फी घेऊन दिवेलागणीस परतावे, हा बहुतेकांचा परिपाठ. तेथून थोड्याच अंतरावर काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. माघातल्या एका रविवारी आम्ही ती केली. बरोबर आत्याबाई, दोन मुले आणि दशम्यांचा डबा.

वाडीस आमची पंचगंगा कृष्णेला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे, आणि लोकसमजुतीप्रमाणे गुप्त सरस्वतीचे, पाणी घेऊन कोल्हापूरच्या घाटावरून गेलेली ही नदी येथे आपले नावही सोडते, हे मुलांस संगमावर उभे राहताच कळले. दत्तमंदिरात श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुका आहेत. पावसाळ्यात कृष्णा चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करावयास दूरदूरची माणसे धावत येतात. दक्षिणद्वाराचा हा योग आत्याबाईंना दोनदा लाभला आहे. त्याचे वर्णन त्या अशा आवडीने करतात की, ऐकणारास पूर ही सणाचीच एखादी तिथी वाटावी.

पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाडास चहा घेतला. पटवर्धनांचे हे संस्थान 1948 साली विलीन झाले. बाजारातली कृष्णाकाठची वांगी पाहून मंडळींस पुढे जाण्याचा विसर पडतो की काय, अशी भीती वाटली.

खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळचे, 12 व्या शतकातले. स्वर्गमंडपात पाऊल टाकताच धाकट्याने विचारले, "छप्पर पडलं का?" पडलेले नाही, तसेच घडविलेले आहे! छताच्या मध्यभागी सुमारे 13 फूट व्यासाचे वर्तुळ उघडे, बरोबर खाली तेवढीच वर्तुळाकार शिळा, आणि तिच्याभोवती 12 खांब. माघातले ऊन तिरपे. त्यामुळे उजेडाचे वर्तुळ शिळेवर पुरते न बसता उत्तरेकडे कलले होते. कार्तिकी पौर्णिमेस मध्यरात्री चंद्र जवळजवळ माथ्यावर येतो, तेव्हा ते नीट जुळते आणि ते पाहावयास लोक जमतात.

आत्याबाईंचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टीकडे. शंकराच्या देवळात नंदी नाही! दक्षाच्या यज्ञास सती नंदीवर बसून गेली, म्हणून तो येथे नाही; सतीच्या मृत्यूने कोपलेल्या शंकराची समजूत विष्णूने घातली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी विष्णुरूप धोपेश्वर आहे, अशी कथा. "ते खरं, पण गाऱ्हाणं सांगावं कुणाच्या कानात?" हा त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

दक्षिणेच्या दाराजवळ यादवराजा सिंघण याचा शके 1136 चा संस्कृत शिलालेख आहे. कोपेश्वराच्या पूजेसाठी त्याने संगमावरचे कूडलदामवाड हे गाव दिले. कानडीत कूडल म्हणजे संगम. विद्वान हे गाव म्हणजे कुरुंदवाडच मानतात. दोन तासांपूर्वी जेथे चहा घेतला ते गाव आठशे वर्षांपूर्वी या देवाला आंदण मिळाले होते, हे कळताच मोठ्या मुलीने बोट फिरवून लेखात ते नाव शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

बाहेर एका घरी पाणी मागितले, तर ताक मिळाले. भिंतीवर दाराच्या चौकटीहून वर मळकट रेघ होती. ऑगस्ट 2019 च्या महापुराची, असे घरधनीण म्हणाली. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले होते. आत्याबाईंनी सहज विचारले, "वाडीला दक्षिणद्वार होतं, तेव्हा इकडे काय असतं, बाई?"

"तिथं देव न्हातो तवा आम्ही जनावरांची दावी सोडून ठेवतो, आजी."

आत्याबाई काही वेळ त्या रेघेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतला वाडीच्या पेढ्यांचा पुडा तिच्या हाती दिला. तिने तो कपाळी लावला आणि विचारले, "यंदा पावसाचं काय म्हणत्यात कोल्लापुरात?"