एक दिवस पेट्रोल भरलं नाही तर

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या: आकडे कमी आणि राजकारण नको. पेट्रोलच्या दरावर लिहायचं आणि या दोन्ही गोष्टी टाळायच्या, हे कसं जमायचं, असं मी विचारलं. ‘बघा ना, वाचकांना झेपेल असं काहीतरी,’ म्हणाले. विषय त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजवरून निघाला होता. तो मेसेज मला पाठ आहे. ‘येत्या रविवारी कोणीही पेट्रोल भरू नका, तेल कंपन्यांचं इतक्या हजार कोटींचं नुकसान होईल, दर निम्म्यावर येतील.’ हजारांचा आकडा दर वर्षी वाढतो, मजकूर तोच राहतो. मी सरकारी तेल कंपनीच्या दर ठरवणाऱ्या खात्यात नोकरी केली हे नातेवाइकांना ठाऊक असल्यामुळे लग्नाच्या पंगतीत जिलबी येण्याआधी ‘असं केलं तर दर खरंच उतरतील का’ हा प्रश्न येतो.

उत्तर ‘नाही’ असं आहे. ते एवढ्यावर सोडलं तर चालेल, पण लोकांना ‘का नाही’ हे चुकीचं माहीत असतं, आणि माझी तक्रार तिथे आहे.

मेसेजची जात अमेरिकन आहे. 30 एप्रिल 1999 रोजी तिथे ‘गॅस आउट’ नावाचा एक दिवसाचा बहिष्कार ई-मेलवरून पुकारला गेला. लोकांनी आदल्या दिवशी टाकी भरली, नाहीतर दुसऱ्या दिवशी. गाडी त्या दिवशीही तेवढीच चालली. त्याच वर्षी मार्चमध्ये ओपेकने, म्हणजे तेलउत्पादक देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायचं ठरवलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला पिंपाला 10-12 डॉलरनं मिळणारं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, वर्षअखेर 25 डॉलरच्या घरात गेलं. खरेदीचा दिवस बदलला म्हणून खप बदलत नाही. कंपनीच्या वहीत शुक्रवारचा तोटा शनिवारच्या नफ्यात जातो, आणि व्यवस्थापकाला तो दिसतसुद्धा नाही.

मग पुढची सूचना येते: सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीच्या पंपावर जाणं बंद करा. ऐकायला हुशारीची वाटते. पण पंपावरच्या पाटीचा आणि टाकीतल्या पेट्रोलचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या आहेत, आणि तेल कंपन्या एकमेकींकडून माल उचलतात. त्याला आमच्या भाषेत प्रॉडक्ट एक्स्चेंज म्हणतात. तुम्ही एका पाटीवर रुसून दुसरीकडे गेलात की दुसरीला जास्त माल लागतो, आणि तो ती बऱ्याचदा पहिलीकडूनच घेते. शिवाय आपल्याकडचे दहापैकी नऊ पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. म्हणजे रुसायचं तरी कोणावर?

बहिष्कार कधीच चालत नाही असं मात्र म्हणता येत नाही. 1995 मध्ये शेल कंपनी ‘ब्रेंट स्पार’ नावाचा जुना तेलसाठ्याचा तरंगता मनोरा अटलांटिकमध्ये बुडवणार होती. जर्मनीत लोकांनी शेलचे पंप टाळले, आणि 20 जून 1995 ला कंपनीने बेत रद्द केला. तिथे मागणी दराची नव्हती. एकाच कंपनीचा एकच निर्णय होता, तो बदलणं तिच्या हातात होतं, आणि समोरच्या पंपावर जायला ग्राहकाला काही पडत नव्हतं.

दरासाठी झालेला खरा प्रयोग मोरोक्कोतला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा कोणी करत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. एप्रिल 2018 मध्ये तिथे सोशल मीडियावरून तीन गोष्टींवर बहिष्कार सुरू झाला: सिदी अली हे बाटलीबंद पाणी, सेंत्राल दानोनचं दूध आणि आफ्रिकिया हे पेट्रोलपंप. पुकारा एका रविवारचा नव्हता, लोकांनी तो महिनोन्‌महिने चालवला. दूध कंपनीचा खप इतका पडला की तिला शेतकऱ्यांकडून दूध घेणं कमी करावं लागलं. फ्रान्समधल्या मूळ कंपनीचे प्रमुख मोरोक्कोत आले आणि सप्टेंबरात दुधाचा दर उतरवल्याचं जाहीर झालं. पेट्रोलचं काय झालं? दुधासारखं काहीच नाही. दूध नासतं, ते आज विकलंच पाहिजे. गिऱ्हाईक गवळ्याकडून घेऊ शकतं किंवा चार दिवस काळा चहा पिऊ शकतं. पेट्रोल टाकीत पडून राहतं आणि कामावर जाणाऱ्याला ते लागतंच. त्यात मोरोक्कोने 2015 अखेरीस इंधनाचे दर मोकळे केले होते, आणि त्याच वर्षी मोहम्मेदियाची देशातली एकमेव रिफायनरी बंद पडली होती. सगळा माल बाहेरून, आणणारे मोजके. आफ्रिकियाचे मालक अझीझ अखनुश बहिष्काराच्या वेळी कृषिमंत्री होते. 2021 मध्ये ते पंतप्रधान झाले.

तरीही बहिष्कार वाया गेला असं मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या स्पर्धा परिषदेशी तडजोड करून नऊ इंधन कंपन्यांनी 1.84 अब्ज दिरहम भरायचं मान्य केलं. त्यात आणि लोकांनी पंपाकडे पाठ फिरवण्यात पाच वर्षांचं अंतर आहे. संबंध सिद्ध करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. दरांचं खातं सांभाळलेल्या माणसाला असं अधांतरी वाक्य लिहायला आवडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात पेट्रोलवर आजवरचा सर्वांत मोठा बहिष्कार झालेला आहे आणि तो आपण सगळ्यांनी पाळलेला आहे. एप्रिल 2020. टाळेबंदीत देशाचा पेट्रोलचा खप आदल्या वर्षाच्या एप्रिलच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास घसरला. कुठल्याही फॉरवर्डला स्वप्नातही जमणार नाही अशी घसरण. जगभर तेच चाललं होतं, त्यामुळे भारताला लागणारं क्रूड सरासरी 20 डॉलरच्या खाली आलं आणि 20 एप्रिलला अमेरिकेतला क्रूडचा वायदा शून्याच्याही खाली उतरला. म्हणजे मागणी पडली की भाव पडतो हा सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला. आणि पंपावर? मार्चच्या मध्यापासून कंपन्यांनी रोजचा दरबदल थांबवला. केंद्राने मार्चमध्ये पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला 3 रुपयांनी आणि मेमध्ये आणखी 10 रुपयांनी वाढवलं. महाराष्ट्राने 1 जूनपासून 2 रुपयांची भर घातली. 7 जूनला दरबदल सुरू झाला तो तीन आठवडे जवळजवळ रोज वरच गेला. गाड्या धूळ खात उभ्या असताना पेट्रोल महागलं. बहिष्कारानं जेवढं साधायचं असतं तेवढं साधलं होतं, आणि फायदा मधल्या मधे सरकारी तिजोरीत गेला.

तेव्हा तिजोरीत पैसा नव्हता आणि खर्च मोठा होता, हे खरं आहे. खात्यातले माझे जुने सहकारी हेच सांगतात. पण पुढचं ते सांगत नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राचं शुल्क लिटरला 32.90 रुपये होतं. त्यातलं राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ उत्पादन शुल्क 1.40 रुपये. बाकी सगळं उपकर आणि अधिभार, ज्यात राज्यांना वाटा नाही. मग राज्यं आपला व्हॅट का सोडतील? महाराष्ट्राने ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे 2 रुपये घेतले होते. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. तेवढ्यानं ते 2 रुपये लगेच परत गेले नाहीत.

इथे माझा आवडता वाद काढल्याशिवाय राहवत नाही. संपादकांनी हा परिच्छेद कापला तर कापोत. 2006 च्या रंगराजन समितीने रिफायनरीच्या दारातला पेट्रोलचा दर ‘ट्रेड पॅरिटी’ने काढायला सांगितला: 80 टक्के आयात-समतुल्य, 20 टक्के निर्यात-समतुल्य. आयात-समतुल्य म्हणजे हे पेट्रोल आखाती देशातून तयार होऊन जहाजानं आलं असतं तर काय पडलं असतं तो दर. त्यात जहाजाचं भाडं, विमा, बंदराचे आकार, वर सीमाशुल्क. आता भारत क्रूड आयात करतो, पण तयार पेट्रोल आयात करण्यापेक्षा निर्यात जास्त करतो. म्हणजे देवगडच्या बागेतला आंबा देवगडात विकताना तो दुबईहून आल्याचं भाडं लावायचं. यावर रिफायनरीवाले म्हणतात, क्रूडचं भाडं आणि विमा आम्ही भरतोच, आणि सीमाशुल्काचं हे छत्र नसेल तर इथे रिफायनरी कोण बांधेल? दोन्ही बाजू मी फायलींवर मांडल्या आहेत, साहेब बदलेल तशा. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. सूत्राची सवय सुटली नाही. माझं स्वतःचं मत 80 चा आकडा फार होता असं आहे. नोकरीत असताना ते फायलीच्या बाहेर बोलता येत नव्हतं. मात्र एवढं भांडून वाचणार किती, तर लिटरमागे रुपया-दोन रुपये. करांपुढे ते किरकोळ आहे, हे माझ्याच वादाविरुद्ध नोंदवून ठेवतो.

लोक विचारतात, दर ‘मोकळे’ आहेत तर मग निवडणुकीत ते गोठतात कसे? चांगला प्रश्न आहे, आणि राजकारण नको ही अट इथे मोडते. 2018 मध्ये कर्नाटकात मतदान व्हायचं होतं तेव्हा रोज बदलणारा दर एप्रिलअखेरपासून मतदान होईपर्यंत जागचा हलला नाही. 2021 च्या दिवाळीला केंद्राने 5 रुपये शुल्क कमी केलं, त्यानंतर उत्तर प्रदेशाच्या निवडणुका होईपर्यंत कंपन्यांनी दर हलवला नाही. मग 22 मार्च 2022 पासून सोळा दिवसांत 10 रुपये वाढवले. मार्च 2024 मध्ये लोकसभेच्या तोंडावर 2 रुपये उतरले. त्या आर्थिक वर्षात तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून 80 हजार कोटींवर होता. ग्राहकानं गाडी रविवारी काढली की नाही, याच्याशी यातल्या एकाही तारखेचा संबंध नाही.

दर खरंच उतरवून दाखवल्याचं आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. 2012 च्या निवडणुकीत मनोहर पर्रीकरांनी पेट्रोल स्वस्त करण्याचं आश्वासन दिलं, सत्ता आल्यावर व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि एप्रिलमध्ये पेट्रोल लिटरला साधारण 11 रुपयांनी उतरलं. बांदा-सावंतवाडीच्या लोकांना पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी भरायला वेगळं कोणी सांगावं लागलं नाही. पुढे गोव्याने व्हॅट टप्प्याटप्प्यानं परत वाढवला, कारण खाणी बंद पडल्या आणि पैसा दुसरीकडून येईना. पण उतरला होता तो मतपेटीमुळे.

महागाईने खप अजिबात हलत नाही असंही नाही. दर 10 टक्के वाढला तर सुरुवातीच्या काही महिन्यांत खप टक्का-दोन टक्के हलतो. वर्षं गेली की जास्त, कारण माणूस सीएनजीची रिक्षा घेतो, विजेची स्कूटर घेतो, मेट्रो सुरू झाली तर गाडी घरी ठेवतो. हाच काय तो टिकणारा बहिष्कार. इथेनॉलचं विचारू नका, त्यावर वेगळा लेख लागेल आणि त्यात मी जास्त चिडेन.

तर रविवारी पेट्रोल भरा, हवं तर सोमवारी भरा. संताप मात्र योग्य पत्त्यावर पाठवा. महाराष्ट्रात पेट्रोलवरच्या व्हॅटचा मोठा भाग टक्क्यांत आहे. क्रूड महागलं की राज्याचं उत्पन्न विधिमंडळात एक शब्द न बोलता आपोआप वाढतं. तो लिटरमागे ठरावीक रुपयांत असता तर वाढवण्यासाठी प्रत्येक वेळी सरकारला तसा निर्णय घेऊन उघडपणे जाहीर करावा लागला असता. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. त्याआधी आपल्या आमदाराला लेखी विचारा की हा कर टक्क्यांत का, रुपयांत का नाही. उत्तर आलं तर संपादकांच्या पत्त्यावर माझ्यासाठी एक प्रत पाठवा.