एलातच्या समुद्रातलं खोल पोवळं



पेसाहच्या सुट्टीत नातवाला घेऊन एलातला जाऊन आले. बीरशेवाहून बस अरावाच्या वाळवंटातून उतरते आणि शेवटी एकदम निळं पाणी दिसतं. अलिबागला गुडघाभर पाण्यात आपलेच पाय दिसत नसत. इथे तळ दिसतो.

समुद्राखालच्या काचघरात जिना उतरून गेलो. पोवळी (इथे त्यांना अल्मोग म्हणतात) पाहून नातू म्हणाला, "आजी, हे दगड की झाडं?" दोन्ही नाही रे, हे प्राणी. इवले जीव एकमेकांना चिकटून चुन्याचं घर बांधतात. अंगात बारीक शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतं. पाणी फार तापलं की शेवाळ जातं आणि पोवळं पांढरं पडतं.

पण 30 मीटरच्या खाली, जिथे नुसता निळसर उजेड पोचतो, तिथेही पोवळी आहेत. युफिलिया पॅराडिव्हिसा ही जगात धोक्यात आलेली जात एलातला 36 ते 72 मीटरवर वाढते.

"मग वरची मेली तर खालची येतील ना?"

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडलाय. वरची-खालची एकाच गोतातली आहेत का, हे दिसण्यावरून कळत नाही. रक्त चढवण्याआधी आम्ही वॉर्डात रक्तगट जुळवायचो, तसंच काहीसं इथे. डी.एन.ए.मध्ये काही जागी दोन-चार अक्षरं पुन्हापुन्हा येतात, कुणात 10 वेळा, कुणात 14 वेळा. त्या झाल्या खुणा. त्या बहुधा प्रत्येक जातीत नव्याने शोधाव्या लागतात. खोलातून नखाएवढा तुकडा आणायचा, आणि त्यात शेवाळाचाही डी.एन.ए. मिसळलेला! तो वेगळा ओळखावा लागतो. सगळ्या खुणा तंतोतंत जुळल्या तर एक पोवळं दुसऱ्याचाच तुटून वाढलेला तुकडा समजायचा.

अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटांपाशी दोन जातींचा डी.एन.ए. तपासला. 2017 साली निकाल आला. एकीची वरची-खालची मिसळलेली निघाली, दुसरीची निराळी. म्हणजे त्या दुसरीची वरची मेली तर खालच्यांचा भरवसा नाही.

डी.एन.ए.तल्या खुणा आपल्याही तपासल्या आहेत बरं का. बेने इस्राएलांचे पूर्वज ज्यू आणि हिंदी दोन्ही, असं 2016 च्या अभ्यासात निघालं. नवगावच्या फुटक्या गलबताची गोष्ट सांगणाऱ्या माझ्या आजीला याचं काही नवल वाटलं नसतं.

निघताना नातवाने वाळूतला पोवळ्याचा तुकडा खिशात घातला. तो इथून न्यायला बंदी आहे. "ठेव परत," म्हटलं. ठेवला, पण बस सुटेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.