खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

अलिबाग

बाबा,

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरले. बोटीच्या पोटात मोटारींच्या रांगेत एक रिकामी रुग्णवाहिका उभी होती, पेशंट मुंबईला पोचवून परत निघालेली. चालक चहा पीत म्हणाला, "ताई, वडखळच्या ट्रॅफिकपेक्षा लाटा बऱ्या." ही बोट 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली. तोवर इथून मुंबईला गाडीसकट पाणी ओलांडायची सोय नव्हती, आणि गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंदच असतात. ही पावसातही बरेचदा चालते. दर्या फारच खवळला तर मात्र हिलाही बांधून ठेवतात.

जिल्हा रुग्णालयात शिरले आणि पाय आधी औषधांच्या खिडकीकडे वळले. शेवटी मुलगी तुमची, औषधांचा साठा सांभाळणाऱ्याची! 15 ऑगस्ट 2023पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, त्यामुळे तुमच्या वेळची सुट्ट्या पैशांची हुज्जत संपली. रांग मात्र आहे तशीच आहे.

साखळी तुम्हाला पाठ आहे. डोंगरी-आदिवासी भागात 3,000 वस्तीला उपकेंद्र, 20,000ला प्राथमिक आरोग्य केंद्र, वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग सिव्हिल. पीएचसीपर्यंत जिल्हा परिषदेचा कारभार, तिथून पुढे सिव्हिल सर्जनचा. या दोघांच्या मध्ये अडकलेल्या कागदांवर तुम्ही आयुष्यभर वैतागलात, ते इथेही ऐकू आलं. पण हा सगळा हिशेब डोकी मोजून केलेला आहे. या किनाऱ्यावर मोजायला हव्यात खाड्या: धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, त्याचे दिवेही दिसतात, आणि रस्त्याने जायला अर्धा दिवस मोडतो.

मुरुड

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून आले. जिथे पूल आहे तिथे खाडी असल्याचं लक्षातही येत नाही. काशीदच्या पुढे सुरूची बनं विरळ झालेली दिसतात. 3 जून 2020ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एका सिस्टरबाईंना विचारलं, लसींचं काय केलंत? त्या म्हणाल्या, "जनरेटर, आणि डिझेल संपलं की बर्फ. बर्फासाठी कोळी लोकांकडे गेलो. त्यांच्याइतकी बर्फाची अक्कल कुणाला?"

इथे भेटलेल्या आशा कार्यकर्तीची डायरी तुम्ही बघायला हवी होती. आतल्या पानांवर नेहमीचंच: शेवटची पाळी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची सुई, अपेक्षित तारीख. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मात्र जेट्टीवरच्या माणसाचा मोबाइल नंबर, आणि त्याखाली लाल पेनाने शेवटच्या फेरीची वेळ. ही वेळ दोनदा खोडून नव्याने लिहिलेली. जोखमीची बाई असेल तर त्या तिला तारखेच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवतात. सासू कुरकुरते, नवरा आढेवेढे घेतो, "मग मी भांडते," त्या म्हणाल्या. त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक मिळतो. या भांडणाचा रकाना मोबदल्याच्या तक्त्यात नाही.

श्रीवर्धन

आगरदांड्याहून जंगलजेट्टीच्या फेरीबोटीने दिघीला उतरले. चहा प्यायला टपरीवर थांबावं, तेवढाच वेळ लागला. हीच फेरी बंद असली की श्रीवर्धनच्या माणसाने अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं ते म्हसळा, माणगाव करत, शंभर किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे इथले लोक माणगाव किंवा थेट मुंबई-पनवेलचाच विचार आधी करतात. जिल्ह्याचं ठाणं त्यांना आडवाटेला पडतं. येताना 108ची रुग्णवाहिका दिसली. 2014मध्ये राज्यभर अशा 937 गाड्या आल्या, त्यांतल्या 233 अतिदक्षतेच्या. गाडीत डॉक्टर असतो, ही मोठीच सोय. तरी गाडीला रस्ता लागतोच. राजपुरी खाडीवर आता पूल होऊ घातला आहे.

ताईला फोन केला होता. तिचं झीलंडही असंच, नेदरलँडचा खाड्यांनी चिरलेला कोपरा. खूस, व्लिसिंगन आणि झिरिकझे इथली रुग्णालयं मिळून तिथे एकच संस्था चालवते, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा पेशंट रॉटरडॅमला जातो. वेस्टरस्खेल्ड खाडीखालचा 6.6 किलोमीटरचा बोगदा त्यांनाही 2003मध्ये मिळाला, तोवर तेही फेरीबोटींवरच होते. बोगदा पैशाने होतो, आज ना उद्या आपल्याकडेही होईल. मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तातडीच्या हाकेला रुग्णवाहिका 15 मिनिटांत पोचली पाहिजे असा तिथे दंडक आहे, आणि किती वेळा पोचली नाही याचा हिशेब जाहीर होतो.

महाड

किनारा सोडून मुद्दाम आत आले. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976मध्ये इथल्या बिरवाडीच्या पीएचसीत रुजू झाले. माणूस आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातला, देहेडचा. कोकणात लाल विंचू चावलेली माणसं, त्यात पोरं फार, घाम सुटून, हातपाय गार पडून, छातीत पाणी भरून जायची. मुंबईला पाठवायचं तर पेशंट वाटेतच संपायचा. हा डॉक्टर खाटेशेजारी बसला, तासातासाला नाडी आणि रक्तदाब टिपत गेला. 1982मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून पाहिली. विंचवाच्या विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल पडतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. शंभरात चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या घरात आलं असं त्यांनी नोंदवलं आहे. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या किनाऱ्यावर "पुढे न्या" हे शब्द मी इतके ऐकले की बिरवाडीत बरं वाटलं. पुढे नेणं जमत नव्हतं म्हणून जे इथेच करायचं ते एकाने शोधून काढलं, आणि ते पीएचसीच्या कपाटात मावतं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या साठा नोंदवहीत प्राझोसिन पहिल्यांदा कोणत्या साली चढलं, आठवतं का? कळवा. आईला सांगा, चपला झटकूनच घालते आहे.